मॅडमनी पास केलेल्या सात्या

श्रावणात आमच्या एकोडीत कुणाच्या घरी सात्या आल्या, की चूल पेटायच्या आधी त्या लांजेवार मॅडमच्या ओट्यावर जायच्या. सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी रानातली अळिंबी. तिची भाजी अशी होते की शेजारच्या घरी मटण शिजत असलं तरी माणूस तिकडे नाक वळवत नाही. पण तिच्यासारखीच दिसणारी विषारी जातही त्याच दिवसांत, त्याच रानात निघते. धानाच्या बांधीत निंदणाला गेलेल्या बाया येता येता पदरात, टोपलीत, एखादी तर नवऱ्याच्या हेल्मेटमध्ये सात्या घेऊन यायची आणि ओट्यावर पसरायची.

"पाहा बरं मॅडम."

मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या. एकेक सात्या उचलायची, देठ बोटांत फिरवायचा, बुडाशी बघायचं, वास घ्यायचा, मग निकाल.

"पास. हे पास. हे बी पास. हे नापास! देठाले कडं हाय, बुडाशी वाटी हाय, दिसून नाही राहिलं तुले? हे खाल्लं त पहिले काही होत नाही. माणूस ढेकर देऊन झोपते. आन् मग उठत नाही. फेक तिकडं, आन् हात धू साबणानं."

नापास झालेली सात्या उकिरड्यात आणि पास झालेली कढईत. मॅडमच्या ओट्यावरून गेलेल्या भाजीने गल्लीत कधी कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. लोकांनी स्वतः ओळखायला शिकायचं सोडून दिलं होतं. मॅडम असताना कशाला डोकं चालवायचं? मीही त्यातलीच.

मॅडम आमच्या शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. घरं समोरासमोर, मधून एखादा ट्रॅक्टर कसाबसा जाईल एवढा रस्ता. मॅडम उंच, हडकुळ्या, चालणं असं की सोबतच्याला पळावं लागे. चहात साखर नको, पण तोंडात गुळाचा खडा हवा. तो खडा गालात धरून त्या बोलायच्या, त्यामुळे स्टाफरूममध्ये निम्मं बोलणं गुळासकट ऐकावं लागे. गोड मात्र त्यात काही नसायचं. "अंदाजानं बोलू नोको. पाह्यलं का तू? पाह्यलं असंल त सांग," हे त्यांचं पालुपद. मुलांना, आम्हाला, मुख्याध्यापकांना, एकदा तर लग्नासाठी मुलीची पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींनासुद्धा.

मेंदूवर त्यांचा जीव. दरवर्षी तो धडा आला की खाटकाकडून बोकडाचा भेजा आणायच्या, स्टीलच्या डब्यात घालून, ओल्या फडक्यात गुंडाळून. आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक गळ्यात माळ घातलेले, कांदासुद्धा चातुर्मासात न खाणारे. त्यांचाही डबा स्टीलचाच. पुढचं सांगायला नकोच. मधल्या सुट्टीत त्यांची किंकाळी वर्गावर्गांतून ऐकू आली. सगळे धावले. सर भिंतीला टेकून उभे, समोर उघडा डबा. मॅडमनी शांतपणे आत येऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, झाकण लावा ना. सुकून जाईन तो. पोरायले दाखवाचा हाय." त्यानंतर बरेच दिवस सर जेवायला घरी जात.

पण त्यांचा खरा गाजलेला तास वेगळा. रोवणीचे दिवस होते, अर्धा वर्ग घरच्या शेतात, उरलेली मुलं जांभया देत बसलेली. मॅडमनी त्यांना उठवलं आणि शाळेमागच्या बांधीत नेलं. धन्याला विचारून पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या घेतल्या. मुलांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या केल्या, चिखलात, पोटऱ्यांपर्यंत. "हाताले हात लागू द्याचा नाही. इकडून फेका, तिकडून झेला." मी खिडकीतून बघत होते. "मेंदूतल्या पेशी एकमेकीले चिकटून नसतेत. मधात फट असते. त्या फटीतून निरोप जाते. इकडच्यानं फेकला, तिकडच्यानं झेलला, तवा तुले तुह्या मायचं नाव आठवते. जेवढ्या येळा फेकसान, तेवढा झेलणाऱ्याचा हात बसते. म्हणून म्हणतो, वाचा रे लेकाहो, पुन्हा पुन्हा वाचा!" मुलं चिखलाने माखून परतली. त्यातली कितीतरी आज शेती करतात, दुकानं चालवतात, आणि त्या फटीचं इंग्रजी नाव विचाराल तर अजून सांगतील.

निवृत्त झाल्यावर मॅडम एकट्या राहत. यजमान आधीच गेलेले, मुलगा प्रशांत नागपूरला नोकरीला. त्यांचा दिवस ओट्यावर जायचा. कुणाच्या धानावरची कीड पाहा, कुणाच्या बाळाच्या अंगावरचे चट्टे पाहा.

निवृत्तीनंतरच्या एका श्रावणातली ती दुपार मला आजही नीट सांगता येत नाही. शेजारची पारबता टोपलीभर सात्या घेऊन आली. पारबता म्हणजे बोलायला फटकळ, मनाने लोणी. मॅडम बघत होत्या, मी पायरीवर बसून वांगी चिरत होते. "पास, पास, हे पास." टोपली सगळीच्या सगळी पास झाली. पारबता खुशीत गेली. मॅडम तळहाताने ओट्यावरची माती झाडायला लागल्या आणि मधेच थांबल्या. त्यांच्या हातात पांढरं, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी होतं. गोल. त्या त्याकडे बघत राहिल्या.

"वनिता, हे काय हाय?"

"मला काय माहीत मॅडम. तुम्ही सांगायचं."

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "हे काय हाय ते मले माहीत होतं. हे असलं, त काहीतरी होते. चांगलं का वाईट, ते... वनिता, चांगलं का वाईट?"

मग मला त्यांचंच 'देठाले कडं हाय' आठवलं. ते देठावरचं कडं होतं. उचलता-ठेवताना गळून पडलेलं. मी कडं असं उच्चारलं मात्र, आणि मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. त्या अनवाणी धावल्या. मी मागे. पारबताच्या घरात फोडणीचा वास सुटला होता, तिचा नवरा ताट घेऊन बसलेला. मॅडमनी गॅसवरची कढई तशीच उचलली, फडकं नाही, सांडशी नाही, आणि मोरीत पालथी केली.

"काय वो मॅडम! पागल झाल्या का तुमी?" पारबता ओरडली. मग तिला मॅडमचे हात दिसले. दोन्ही तळवे भाजले होते. मॅडम मात्र तिच्या नवऱ्याच्या ताटाकडे बघत होत्या. "खाल्लं का रे? खरं सांग, खाल्लं का?" त्याने खाल्लं नव्हतं. मॅडम तिथेच, मोरीच्या कट्ट्यावर बसल्या आणि लहान मुलीसारख्या थरथरायला लागल्या. इतकी वर्षं पाहिलेल्या या बाईला मी प्रथमच घाबरलेली पाहिलं, आणि मग मलाही भीती वाटायला लागली ती आजवर गेलेली नाही.

प्रशांत येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेला. तपासण्या, मेंदूचे फोटो, प्रश्न विचारणारे डॉक्टर. परत आल्यावर मॅडमनी मला बोलावलं. तळव्यांवर मलम होतं. समोर चहा आणि गुळाचा खडा. त्या वर्गात शिकवावं तसं बोलत होत्या.

"अल्झायमर. लोकाले वाटते पेशी मरतेत, म्हणून माणूस विसरते. मरतेत, पण ते मागाहून. आधी त्या फटीजवळचे जोड जातेत. पेशी जाग्यावर उभी हाय, धडधाकट, पण झेलणारा हातच नाही. इकडचा फेकून राहिला, तिकडं चिखलात पडून राहिलं."

"पण असं होतं कशानं?"

"कशा-कशानं. एक प्रथिन हाय, ते साचते. आन् मेंदूत सफाईवाल्या पेशी असतेत ना, राखणदार म्हण, त्याच चांगले जोड कचरा समजून खाऊन टाकतेत." त्या हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. "कुंपणच शेत खाऊन राहिलं माहं."

"औषध असेल ना काही."

"हाय. थोडंसं हळू होईन म्हणते. थांबत नाही." गुळाचा खडा त्यांनी उचलला आणि तसाच ठेवला. "पहिले नवीन गोष्टी जाईन. जुन्या राहीन. तुह्या लग्नातली बुंदी मले आठवन आन् सकाळी जेवलो का नाही ते नाही आठवणार. लोकाले वाटन, मॅडम बऱ्या हायेत."

मग त्या जे बोलल्या, ते मी कधी विसरणार नाही.

"मले मरायचं भेव नाही वाटत, वनिता. मले भेव वाटते का माह्या हातानं कोनी मरन. पारबताचा नवरा तवा ताटावर बसला होता. मी सांगून टाकन सगळ्याइले, का मले इचारू नोका. पण पुढं एक दिवस असा येईन का मी विसरते, हेच मी विसरन. त्या दिवशी मले भेव नाही राहणार. तवा तू भेव धरजो."

"मी काय करू?"

"मी पास म्हणन, ते फेकून देजो. पाहाचं नाही, इचाराचं नाही. चांगलं वाटलं तरी फेकजो. मी शिव्या दिल्या तरी फेकजो."

"आणि तुम्ही मला ओळखलंच नाही तर?"

"तरी फेकजो," त्या म्हणाल्या, आणि भाजलेल्या हाताने माझं मनगट असं धरलं की मलम माझ्या बांगड्यांना लागलं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्या श्रावणात मॅडमनी सांगितलं कुणालाच नाही, नुसतं दार लावून घेतलं. टोपल्या यायच्या आणि परत जायच्या. गल्लीला वाटलं, म्हातारपणी मॅडमना ताठा चढला. मी घरोघर सांगितलं, तर बाया माझ्यावरच हसल्या. "माह्या सासूच्या तेरवीत कोनती भाजी होती ते सांगते मॅडम, आन् तू म्हणते भूल पडली?" पारबताने मात्र मान डोलावली, पण तिचं निदान निराळं. रानात भुलनवेल असते, ती ओलांडली की माणूस वाट विसरतो असं आमच्याकडे म्हणतात. "मॅडमनं तेच येल ओलांडली असंल माय. सात्या सात्या करत रानात जात होत्या ना." मी मॅडमना हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणतील, पाह्यलं का तिनं, अंदाजानं काहून बोलते, असं मला वाटलं होतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "असंल बापा." 

एका दुपारी मागच्या दाराने गेले तर त्या आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलेल्या. अळिंबीची चित्रं. नावांवर हात ठेवून ओळखायचा खेळ चालला होता, स्वतःशीच. पंखा सुरू होता आणि कपाळावर घामाचे थेंब. मला पाहून त्यांनी पुस्तक मिटलं, वर्गात कॉपी करताना पकडलेला मुलगा मिटतो तसं. मी तशीच मागे फिरले. घरी आले आणि माझ्या वर्गातल्या मुलांची नावं मनातल्या मनात म्हणायला लागले. एक नाव आठवेना, तर मला दरदरून घाम फुटला. आता कुठलंही नाव अडलं की फुटतो.

हिवाळा गेला, धान घरात आलं, उन्हाळा गेला. मॅडम एकेक करून सोडत गेल्या. आधी गॅस लावणं सुटलं, मग माझं नाव. पारबता सकाळी त्यांचा स्वयंपाक करून द्यायची, मी संध्याकाळी जायची. प्रशांत रोज व्हिडिओ कॉल करी, आणि मॅडम फोनच्या मागच्या बाजूला वळून बघत, हा पोरगा आत कुठे बसला आहे ते.

आणि पुन्हा श्रावण आला.

सकाळी मी अंगण झाडत होते. समोरचं दार उघडलं आणि मॅडम ओट्यावर आल्या. चष्मा कपाळावर, पदर खोचलेला, चेहरा इतका मोकळा की किती दिवसांत तसा पाहिला नव्हता. "आन वो पारबता, काय आणलं? पाहू दे." पारबताचे डोळे भरून आले. "सुधारल्या वो मॅडम!" म्हणत तिने टोपली रिकामी केली. गल्लीतल्या चार बाया जमल्या, हसू-बोलू लागल्या. मॅडम एकेक सात्या उचलत होत्या, देठ फिरवत होत्या, वास घेत होत्या. हात अगदी पूर्वीचेच. "पास. पास. हे पास."

त्या घाबरलेल्या नव्हत्या. जराही नाही. मी झाडणी टाकली.

मी रस्ता ओलांडला, ओट्यावरच्या सात्या दोन्ही हातांनी टोपलीत लोटल्या आणि टोपली उकिरड्यावर रिकामी करून पायाने तुडवल्या. पारबता मागून ओरडत होती, "पहाटपासून वाकून येचल्या ना मी! काही वाटते का नाही तुले?" मॅडम उठून उभ्या राहिल्या. "कोन हाय ही बाई? लोकाच्या तोंडचा घास मातीत घालून राहिली! धरा रे तिले!"

"मॅडम, मी वनिता. तुम्हीच सांगितलं होतं."

"मी? मी तुले ओळखत बी नाही."

रोज हेच. सात्या निघण्याचे दिवस असे किती असतात, पण ते संपता संपेनात. बायांनी माझ्याशी बोलणं टाकलं. कुणीतरी चोरून आणायचं, मॅडमनी पास करायचं, मी जाऊन हिसकायचं. एकदा मॅडमनी माझ्या थोबाडीत मारली. मला राग आला नाही, रडू आलं, आणि रडत रडत मी सात्या तुडवल्या. पारबताने एकदा उकिरड्याजवळ गाठून विचारलं, "एक सांग. ह्या चांगल्या होत्या का वाईट?" मी म्हटलं, मला माहीत नाही. तिने तुडवलेल्या चिखलात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून सात्या आणायच्या बंद केल्या. मला आजही माहीत नाही. कदाचित सगळ्या चांगल्याच असतील. कदाचित मी नुसती चांगली भाजी तुडवत होते आणि माझ्या मॅडमना जगासमोर वेडं ठरवत होते. पण अंदाजाने बोलणार कोण?

टोपल्या थांबल्या, पण मॅडमची माझ्याबद्दलची भीती थांबली नाही. काय झालं होतं ते त्या केव्हाच विसरल्या होत्या. टोपली नाही, उकिरडा नाही, थप्पड नाही. पण मी दारात दिसले की हातात असेल ते, भाकरीचा तुकडा, साडीची घडी, छातीशी धरून भिंतीला सरकायच्या. प्रशांतने फोनवर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं होतं. घडलेली गोष्ट साठते एका ठिकाणी, तिची भीती दुसऱ्या. पहिलं ठिकाण आधी ढासळतं. दुसरं बराच काळ टिकतं.

म्हणजे मॅडमच्या मेंदूत माझं जे उरलं होतं, ते हेच. शाळेतल्या सोबतीची वर्षं नाहीत, ओट्यावरच्या संध्याकाळी नाहीत.

पोळा झाल्यावर प्रशांत त्यांना कायमचं न्यायला आला. गाडी दाराशी उभी. बाया जमल्या. मॅडम मागच्या सीटवर, मांडीवर कापडी पिशवी, त्यात काय होतं कोण जाणे. कुणाचंच नाव त्यांना सांगता येत नव्हतं, पण सगळ्यांकडे बघून त्या हसत होत्या. पारबताने खिडकीतून हात घातला तर तिचा गाल कुरवाळला. "चांगली रायजो माय," म्हणाल्या. पारबता पदर तोंडाला लावून बाजूला झाली.

मी सगळ्यांच्या मागे उभी होते. जाऊ की नको, कळत नव्हतं. पण न जाता त्यांना निरोप कसा द्यायचा? मी पुढे गेले, खिडकीशी वाकले. "मॅडम, काळजी करू नका. कुणाला काही झालं नाही. कुणीच नाही गेलं." हे एवढं त्यांना सांगायचं होतं. त्यासाठीच तर त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

मॅडमचं हसू गेलं. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी आवळली आणि सीटच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या. "प्रशांत, चाल ना लवकर. ते बाई आली."

प्रशांतने माझ्याकडे बघितलं. मग त्याने काच वर घेतली. काचेआड मॅडम माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. मला भ्यायचं, एवढं माहीत होतं.

मी मागे सरले, पारबताच्या अंगणापर्यंत. तेव्हा कुठे त्यांनी पिशवीवरचे हात सैल केले.